दाय समाजाचे जोडीचे मोरनृत्य शिकवताना : गुडघ्यापासून पिसाऱ्यापर्यंत

मोराचे नृत्य बसवायचे आहे असे वर्गात सांगितले की मुलांचे हात आपोआप वर जातात, बोटे पसरतात आणि माना डुलू लागतात. चीनच्या युन्नान प्रांतातील दाय समाजाचे जोडीचे मोरनृत्य शिकवताना हा उत्साह पहिले काही तास बाजूला ठेवायला लावावा लागतो, कारण या नृत्याचा जीव हातांत नसून गुडघ्यांत आहे. जोडीतले दोघे एकमेकांचा हात धरत नाहीत, कमरेला आधार देत नाहीत, बहुतेक वेळ एकमेकांना स्पर्शही करत नाहीत. ढोलाच्या ठोक्यावर दोघांचे गुडघे एकाच क्षणी आणि एकाच मापाने खाली जातात, एवढाच त्यांना बांधून ठेवणारा धागा असतो. तो धागा जुळला तर साध्या हातांनीही नृत्य उभे राहते. तो जुळला नाही तर कितीही सुंदर बोटे असली तरी रंगमंचावर दोन वेगळी माणसे शेजारी शेजारी हावभाव करत आहेत असेच दिसते.

पुढील मांडणी तेरा-चौदा वर्षांच्या पुढील विद्यार्थ्यांसाठी आहे. एकेका तासाचे दहा-बारा वर्ग हाताशी आहेत, निम्म्या मुलांना नृत्याचे कसलेच शिक्षण नाही आणि उरलेल्यांपैकी काही जण कथक किंवा भरतनाट्यम शिकलेले आहेत, असे मी गृहीत धरले आहे, कारण आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांत साधारणपणे असाच गट मिळतो.

हे नृत्य कोणाचे, हे आधी सांगावे

पहिल्या तासाची पंधरा मिनिटे नकाशासमोर घालवावीत. दाय लोक मुख्यतः युन्नानच्या दक्षिण टोकाला शिश्वांगबान्ना आणि पश्चिमेला म्यानमारच्या सीमेवर देहोंग या दोन स्वायत्त विभागांत राहतात. २०२० च्या जनगणनेनुसार चीनमध्ये त्यांची संख्या सुमारे १३ लाख आहे. त्यांच्या भाषेचे नाते थाई, लाओ आणि शान या भाषांशी आहे. (मराठीतील ‘दाई’ या शब्दाशी या नावाचा काहीही संबंध नाही, वर्गात मुले हे हमखास विचारतात, म्हणून मी ‘दाय’ असेच लिहिते आणि उच्चारते.) ते थेरवाद बौद्ध आहेत. एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या, एकमेकांवर पाणी उडवून साजऱ्या होणाऱ्या त्यांच्या नववर्षाला ‘सांगकान’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या ‘संक्रांती’चेच रूप आहे. या सणाच्या आणि विहारांतील उत्सवांच्या निमित्ताने मोरनृत्य होत आले आहे.

परंपरेने हे नृत्य पुरुष करत. अंगावर बांबू आणि कापडाचा मोराचा सांगाडा, चेहऱ्यावर मुखवटा आणि डोक्यावर स्तूपाच्या शिखरासारखा निमुळता मुकुट असे. एकट्याचे, मोर-लांडोर अशा जोडीचे आणि तिघांचेही प्रकार होते. देहोंगमधील रुईली येथील माओ श्यांग या नर्तकाने १९५० च्या दशकात मुखवटा आणि सांगाडा उतरवून ठेवला आणि त्यामुळे हात, खांदे व चेहरा मोकळे झाले. १९५७ मध्ये मॉस्को येथील जागतिक युवक महोत्सवात त्यांनी सहनर्तकीसह सादर केलेल्या जोडीच्या मोरनृत्याला रौप्यपदक मिळाले. २००६ मध्ये रुईलीचे दाय मोरनृत्य चीनच्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या पहिल्या यादीत आले. आपण वर्गात शिकवणार आहोत ते या मोकळ्या झालेल्या जोडीच्या नृत्याच्या वळणाचे आहे, सांगाड्यातल्या नृत्याचे नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

ही सांगण्याची गरज आणखी एका कारणाने आहे. घरी जाऊन मुले मोबाइलवर शोधतात तेव्हा त्यांना बहुधा यांग लिपिंग यांनी १९८६ मध्ये रंगमंचावर आणलेले एकल मोरनृत्य दिसते. ते थोर कलाकाराचे काम आहे, परंतु यांग लिपिंग स्वतः दाय नव्हे तर बाय समाजातील आहेत, आणि ते नृत्य एका व्यक्तीची रंगमंचीय निर्मिती आहे. त्यातील थरथरणाऱ्या बोटांची नक्कल करत मुले दुसऱ्या तासाला येतात आणि ती सोडवण्यात आपले दोन तास जातात.

आपल्याशी असलेला दुवाही इथेच सांगून टाकावा. दाय लोकांत राजपुत्र चाओ शुतुन आणि मोराच्या रूपातील राजकन्या यांची कथा अत्यंत प्रिय आहे. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथातील सुधन आणि किन्नरी मनोहरा यांचीच ही कथा असून ती आग्नेय आशियाभर पसरली आहे. मृत्यूच्या दारात उभी असलेली नायिका शेवटचे एकदा नाचू द्यावे अशी विनंती करते, आपले पंखांचे वस्त्र अंगावर घेते आणि नाचता नाचता उडून जाते. अरुणाचल प्रदेशातील ताय खामती समाजातही किन्नर-किन्नरीच्या नावाने मोरनृत्य होते. शेवटच्या उड्डाणाच्या भागात चेहऱ्यावर काय असावे हे वेगळे शिकवावे लागत नाही. ही गोष्ट ऐकलेल्या मुलांना ते समजलेले असते.

तयारी : जमीन, कपडे आणि वाद्य

सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर जाड सतरंजी अंथरावी, कारण सगळा भार गुडघ्यांवर येणार आहे. शिकताना अनवाणी असावे. मुलींनी आणि मुलांनीही पहिल्या दिवसापासून कमरेला सुती लुंगी घट्ट गुंडाळावी. दाय स्त्रिया घोट्यापर्यंत येणारे नळीसारखे वस्त्र नेसतात आणि त्यात पाऊल लहानच पडते. सलवार किंवा ट्रॅक पँट घालून शिकलेली मुले लांब ढांगा टाकायला शिकतात आणि रंगीत तालमीला वस्त्र नेसल्यावर अडखळतात. ही चूक मी एकदा केली आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सगळ्या चाली आखडून घ्याव्या लागल्या.

मूळ नृत्याची साथ हत्तीच्या पायासारखा आकार असलेला लांब ढोल, मध्यभागी उंचवटा असलेल्या काशाच्या थाळ्या आणि झांजा यांनी होते. हा ढोल एकाच लाकडात कोरलेला असतो, वादक तो खांद्याला अडकवून स्वतःही नाचत वाजवतो. त्याच्या चामड्यावर शिजवलेल्या चिकट भाताचा गोळा लावून स्वर जुळवतात. आपल्याकडे पखवाजाच्या धुमेला, म्हणजे खर्जाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावतात, तीच ही युक्ती. पखवाज वाजवणारा विद्यार्थी वर्गात असेल तर त्याला हे सांगून त्याच्याकडूनच साथ घ्यावी. सरावासाठी पखवाजाची किंवा ढोलकीची धूम, पूजेची थाळी-घंटा आणि झांज पुरेशी आहे. प्रयोगाच्या दिवशी मात्र दाय वादकांचे ध्वनिमुद्रण वापरावे.

पहिली पायरी : खाली जाणारा ठोका

पाय जुळवून उभे राहावे, हात कमरेवर, पाठीचा कणा सरळ. धुमेचा ठोका पडताच दोन्ही गुडघे मऊपणे वाकवून शरीर खाली जाऊ द्यावे आणि पुढचा ठोका येईपर्यंतच्या अवकाशात सावकाश वर यावे. ठोका म्हणजे खाली, मधली जागा म्हणजे वर. वर येताना श्वास आत, खाली जाताना श्वास बाहेर. खोली सुमारे चार बोटांची असावी. टाचा जमिनीवरून सुटू नयेत आणि गुडघे पावलांच्या दिशेनेच पुढे जावेत, आत झुकू नयेत. मिनिटाला साधारण ६० ठोके अशा संथ लयीत सुरुवात करून पाचव्या-सहाव्या तासापर्यंत ८० वर यावे. पंधरा मिनिटे झाली की मुलांना बसवावे. वाढत्या वयातल्या मुलांच्या गुडघ्यांना हा सराव नवीन असतो, आणि कोणाला गुडघ्याच्या वाटीपाशी दुखू लागले तर त्या दिवशी त्याने केवळ टाळी धरावी.

ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात हीच पायरी सर्वांत जास्त वेळ घेते आणि शिकलेल्या मुलांना सर्वांत जड जाते. कथक शिकलेल्या मुलीचे पाऊल ठोक्यावर जमिनीवर आपटते. तिच्या अंगात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, म्हणजे आघात असा संस्कार मुरलेला असतो. इथे काहीच आपटायचे नसते, ठोका शरीरात विरघळून जायला हवा. भरतनाट्यम शिकलेली मुले खाली गेली की अर्धमंडलीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसलेल्या स्थितीत, थांबतात आणि तिथून वर येतच नाहीत. त्यांचे शिक्षण चुकीचे आहे असे त्यांना वाटू देऊ नये. वेगळ्या भूमीवरचे वेगळे चालणे आहे, एवढे सांगावे.

शब्दांनी हे समजत नाही तेव्हा मी कावड आणते. लवचीक बांबूच्या दोन टोकांना दोन छोट्या बादल्या, त्यात निम्म्यापर्यंत पाणी. ही कावड खांद्यावर घेऊन विद्यार्थ्याने दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे आणि पाणी सांडू द्यायचे नाही. ताठ गुडघ्यांनी चालणाऱ्याचा बांबू हिसके देतो आणि पाणी उसळते. चार फेऱ्यांत गुडघे स्वतःच वाट काढतात : बांबू खाली लवतो तेव्हा तेही लवतात, तो वर येतो तेव्हा वर येतात, आणि पाणी बादलीत नुसते हलत राहते. मग कावड काढून घ्यावी आणि ‘आता कावड नाही, पण ती आहे असे समजून चाल’ असे सांगावे. ज्याला हे जमले त्याला पहिली पायरी जमली. दाय गावांतही ओझी कावडीने वाहून नेण्याची रीत आहे, त्यामुळे हा सराव उपरा नाही.

सगळा वर्ग एका लयीत खाली-वर होऊ लागला की एक छोटी परीक्षा घ्यावी. डोळे मिटायला सांगून मध्येच वाद्य थांबवावे आणि आठ ठोक्यांनी पुन्हा सुरू करावे. लय अंगात उतरली असेल तर वाद्य परत येते तेव्हा गुडघे त्याच जागी सापडतात.

दुसरी पायरी : मागे उडणारे पाऊल

भार डाव्या पायावर घ्यावा. वर येण्याच्या मधल्या अवकाशात उजवी पोटरी झटकन मागे उचलावी आणि ठोक्यावर ते पाऊल सावकाश, आवाज न करता टेकवून गुडघ्यात लवावे; मग डावे. उचलणे चपळ, टेकवणे संथ. मुले नेमके उलटे करतात : हळू उचलतात आणि आपटून ठेवतात. त्यामुळे जागच्या जागी किमान एक पूर्ण तास द्यावा आणि मगच पुढे चालायला लावावे. मागे उचललेल्या पायाची मांडी पुढे येऊ नये, दोन्ही गुडघे शेजारी राहावेत. लुंगीचा काठ इथे शिक्षकाचे काम करतो, कारण गुडघे वेगळे झाले की तो लगेच ताणला जातो.

तिसरी पायरी : तीन वळणे

ओडिसी नृत्यातील त्रिभंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही कल्पना लवकर समजते. डाव्या वाकलेल्या पायावर भार, उजव्या पायाचा चवडा बाजूला हलकेच टेकलेला, नितंब डावीकडे सरकलेला, छाती उजवीकडे, डोके पुन्हा डावीकडे. शरीराला वळणे येतात तशीच हाताला बोटे, मनगट आणि कोपर अशी तीन वळणे असतात आणि पायालाही घोटा, गुडघा व कटी अशी असतात. परंतु त्रिभंग मूर्तीसारखा स्थिर धरता येतो; दाय नृत्यातील वळणे खाली-वर होणाऱ्या गुडघ्यांवर तरंगत असतात. त्यामुळे ‘पोझ घ्या’ हा शब्द वर्गात वापरूच नये. आधी चार ठोके गुडघ्यांचे, त्यावर नितंब, मग छाती, मग डोके, असे एकेक थर चढवावेत आणि गुडघे थांबल्याबरोबर पुन्हा आरंभापासून घ्यावे. आरशासमोर हे शिकवू नये असे माझे ठाम मत आहे. आरशात मुले आकार पाहतात आणि लवणे विसरतात.

चौथी पायरी : हात, आणि एक नेहमीचा घोटाळा

हात आता मोकळे करावेत. मोराच्या डोक्याचा हात असा असतो : तर्जनी वाकवून अंगठ्याला जोडलेली आणि उरलेली तीन बोटे पंख्यासारखी ताणून उघडलेली. तर्जनी आणि अंगठा सरळ ठेवून टोके मिटली की तीच चोच होते. तिसरा हात उघड्या तळव्याचा; चार बोटे जुळवून मागे ताणलेली आणि मनगट खाली ढकललेले.

घोटाळा इथे होतो. आपल्या परंपरेत ‘मयूर’ या हस्तात अनामिका अंगठ्याला जोडतात. शिकलेली मुलगी ‘मोर’ हा शब्द ऐकताच अनामिका वाकवते आणि पाच मुलांच्या रांगेत तिचाच हात वेगळा दिसतो. तिला ‘हंसास्य आठव’ असे सांगावे, कारण तर्जनी आणि अंगठा जोडलेला तो हस्त या हाताच्या अधिक जवळ आहे. फरक एवढाच की इथे उरलेली बोटे अधिक ताठ असतात आणि मनगट ठळकपणे मोडलेले असते.

बोटे मागे ताणण्याचा सराव रोज दोन मिनिटेच करावा. एका तळव्याने दुसऱ्या हाताची बोटे हळूच मागे दाबावीत. झटका देऊ नये, एकाने दुसऱ्याची बोटे ओढू नयेत. कोपर मात्र पहिल्या दिवसापासून उचललेले असावे. कोपर पडले की पंख पडतो.

नजर शेवटी शिकवावी, पण ती थोडक्यात उरकू नये. पक्ष्याचे डोके आधी वळते, क्षणभर थांबते आणि मग शरीर त्याच्यामागे जाते. मान डुलवण्याची सवय असलेल्या मुलांना अंगणातली कोंबडी किंवा कबुतर पाच मिनिटे पाहून यायला सांगावे. हे मी दर वर्षी करते आणि दर वर्षी त्याचा उपयोग होतो.

पाचवी पायरी : जोडी जमवणे

जोड्या उंचीवरून लावू नयेत, लयीवरून लावाव्यात. डोळे मिटून लवणाऱ्या वर्गाकडे पाहिले तर कोणाचे गुडघे कोणाशी जुळतात हे शिक्षकाला दिसते. मुलगा-मुलगी असा आग्रहही नको. परंपरेत नर आणि मादी या दोन्ही भूमिका पुरुषच करत आले आहेत, आणि स्पर्श नसल्यामुळे संमिश्र वर्गात या वयात जो संकोच असतो तोही इथे आड येत नाही. प्रत्येकाने दोन्ही भूमिका शिकाव्यात. एकाला दुसऱ्याची चाल माहीत असली की तो त्याची वाट पाहू शकतो.

युन्नानमधील मोर हा आपला निळा मोर नव्हे. तो हिरवा मोर, आज संकटग्रस्त झालेला पक्षी आहे, आणि त्याची लांडोर आपल्या लांडोरीसारखी मातकट नसते. लांब पिसारा सोडला तर ती जवळजवळ मोराइतकीच झळाळती हिरवी असते. शिकवण्याच्या दृष्टीने ही माहिती मोलाची आहे. मोर नाचतो आणि लांडोर लाजून पाहते, हे आपल्या गाण्यांतून आलेले चित्र मुले नकळत आणतात आणि जोडीतली दुसरी व्यक्ती बाजूला उभी राहते. इथे दोघेही सारखेच पक्षी आहेत. मोराची चाल थोडी खोल आणि रुंद, लांडोरीची थोडी चपळ आणि लहान, एवढाच फरक ठेवावा.

सराव असा घ्यावा. दोघांनी दोन-अडीच मीटर अंतरावर समोरासमोर उभे राहून एका ओढणीची दोन टोके कमरेच्या उंचीवर धरावीत. ओढणी मध्ये सैल झोळीसारखी राहावी. ढोल सुरू झाला की दोघांनी लवायचे. गुडघे एकदम खाली गेले तर झोळ आहे तसा खाली जातो आणि वर येतो. एक जण किंचित उशिरा गेला तर कापड तिरके होते आणि झोळ त्याच्या उलट बाजूला सरकतो. मागच्या वर्षीच्या वर्गात एका जोडीची ओढणी सारखी उजवीकडे कलत होती आणि दोघे एकमेकांना दोष देत होते. मी ढोल थांबवला आणि त्यांना नुसता श्वास एकत्र घ्यायला सांगितले. आठ श्वासांनंतर ढोल पुन्हा सुरू केला तेव्हा निळ्या ओढणीची सुरकुतीसुद्धा जागची हलली नाही. दोघांनी कापडाकडे पाहिले आणि मग प्रथमच एकमेकांकडे पाहिले. त्यानंतर त्या दोघांना मला ‘बरोबर राहा’ असे सांगावे लागले नाही.

हे जमले की ओढणी काढावी आणि आरशासारखा सराव घ्यावा : एकाचा उजवा तर दुसऱ्याचा डावा. त्यानंतर पाठीला पाठ करून, अर्धा हात अंतर ठेवून तोच सराव, केवळ ढोल ऐकून. शेवटी एकमेकांभोवती वर्तुळात चालणे. त्यात नजर जोडीदारावर राहते आणि शरीर वाटेवर.

सहावी पायरी : रचना

जुन्या मोरनृत्यात प्रसंगांचा एक ठरलेला ओघ असतो. मोर घरट्याबाहेर येतो, टेहळतो, रानात फिरतो, पाणी पितो, आंघोळ करतो, पंख झटकतो, उन्हात वाळवतो, पिसारा फुलवतो आणि उडून जातो. आपली रचना याच ओघात बांधावी, म्हणजे मुलांना पुढे काय हे पाठ करावे लागत नाही. खाली दिलेली आवर्तने प्रत्येकी आठ ठोक्यांची असून एकूण अडतीस होतात. मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत नृत्य पावणेचार मिनिटांच्या थोडे पुढे जाते.

घरट्याबाहेर येण्यासाठी चार आवर्तने द्यावीत. दोघे मागच्या विरुद्ध कोपऱ्यांत, पाठमोरे, पूर्ण बसलेले. पहिल्या आवर्तनात फक्त मनगटे जागी होतात, दुसऱ्यात कोपरे, आणि उरलेल्या दोनांत उभे राहणे. टेहळणीला दोन आवर्तने पुरतात. त्यात हात मोराच्या डोक्याचे आणि नजर झटक्याने वळणारी असते, पण दोघांनी अजून एकमेकांना पाहिलेले नसते. रानातल्या फेऱ्यांना आठ आवर्तने द्यावीत : मागे उडणाऱ्या पावलांनी दोघे वेगळ्या वाटांनी येतात आणि सहाव्या आवर्तनाच्या शेवटच्या ठोक्यावर त्यांची नजर भेटते. ही पहिली भेट आहे. त्या ठोक्यावर हात, पाय सगळे थांबावे आणि फक्त गुडघ्यांचे लवणे चालू राहावे. उरलेल्या दोन आवर्तनांत ते एकमेकांकडे येतात. प्रेक्षक नृत्याशी जोडले जातात ते याच जागी, म्हणून तालमीत या आठ आवर्तनांवर बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ खर्च करावा.

पाणी पिण्याची चार आवर्तने समोरासमोर असतात. एक जण चोचीचा हात खाली नेतो तेव्हा दुसरा मान उंचावून राखण करतो, मग आलटून पालटून. आंघोळीच्या चार आवर्तनांत दोघे खाली बसून उघड्या तळव्यांनी पाणी अंगावर घेतात. पंख झटकणे ही दोनच आवर्तनांची गोष्ट आहे, परंतु खांद्यांची ती बारीक, जलद थरथर मुलांना कठीण जाते. हात सैल सोडून केवळ खांद्यांचा सराव रोज एक मिनिट आधीपासून करून घेतला असेल तरच ती इथे येते. वाळवण्याची चार आवर्तने अतिशय संथ, पाठीला पाठ, एकेक पंख उघडत. पिसाऱ्याच्या सहा आवर्तनांत दोघे एकमेकांभोवती वर्तुळ घेतात. दोघांचे उंच हात वर्तुळाच्या आत आणि कमरेजवळचे हात बाहेर ठेवले तर दोन शरीरांचा मिळून एकच पिसारा दिसतो. शेवटची चार आवर्तने उड्डाणाची. लहान, जलद पावलांनी दोघे एकाच तिरक्या रेषेत बाहेर जातात, लांडोर पुढे आणि मोर मागे, किंवा उलट. जोडीनेच ते ठरवावे.

एका वर्गात आठ-दहा जोड्या असल्या तर सगळ्यांना एकाच वेळी उभे करू नये. दोन जोड्या नाचत असताना बाकीच्यांनी अर्धवर्तुळात बसून टाळी धरावी. बसलेली मुले पाहताना खूप शिकतात, आणि नाचणाऱ्यांना गावातल्या अंगणात नाचल्यासारखे वाटते.

प्रयोगाच्या आधी

वेशभूषेत खर्च करू नये. घोट्यापर्यंतचे हिरवे किंवा मोरपंखी नळीवस्त्र, त्यावर आखूड, अंगाबरोबर बसणारी चोळी, केसांचा एका बाजूला बांधलेला अंबाडा आणि त्यात एखादे फूल; मुलांसाठी सैल पायजमा, सदरा आणि डोक्याला गुंडाळलेले कापड. खऱ्या मोरपिसांचे पंखे, झगमगते मुकुट आणि चेहऱ्यावर ‘चिनी’ म्हणून काढलेले तिरके डोळे यांपैकी काहीही नको. शेवटची गोष्ट तर कोणी गंमत म्हणून सुचवली तरी शिक्षकाने तिथल्या तिथे थांबवावी, कारण ज्यांचे नृत्य आपण करत आहोत त्यांचा तो अपमान आहे.

सूत्रसंचालकाला दोन वाक्ये लिहून द्यावीत आणि ती बदलू नयेत असे बजावावे : हे युन्नानमधील दाय समाजाचे मोरनृत्य आहे, आणि विद्यार्थी त्याच्या पारंपरिक प्रसंगक्रमावर वर्गात बांधलेली रचना सादर करत आहेत. केवळ ‘चिनी नृत्य’ असे म्हटले तर ज्या समाजाने ते जपले त्याचे नावच पुसले जाते. सरावासाठी पखवाज आणि प्रयोगासाठी दाय ढोलाचे ध्वनिमुद्रण वापरले असेल तर पखवाज वाजवलेल्या मुलाचे नावही त्याच निवेदनात घ्यावे.

प्रवेशाच्या पाच मिनिटे आधी जोड्यांना विंगेत ओढणी द्यावी. तिची दोन टोके धरून, संगीताशिवाय, त्यांनी सोळा वेळा लवावे. झोळ हलला नाही की ओढणी घडी घालून बाजूला ठेवावी आणि त्यांना विरुद्ध कोपऱ्यांकडे जाऊ द्यावे.